सत्तावीस अठरा

दुपारी सव्वाबाराच्या सुमारास गिरिजाला एक माकड नदीत सापडलं. म्हणजे संगणकाच्या पडद्यावर. आर. के. पुरममधल्या त्या भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर ती गेली चौदा वर्षं हेच काम करत होती. देशभरातून लोक कळवायचे की आम्ही अमुक ठिकाणी अमुक माकड पाहिलं, आणि ते ठिकाण धरायचं की सोडायचं हे तिनं ठरवायचं. संस्था रानातल्या माकडा-वानरांचा एक मोठा नकाशाग्रंथ काढत होती आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला तो छापायला जाणार होता. माणसं माकडाबद्दल सहसा खोटं बोलत नाहीत, जागेबद्दल बोलतात, असं एव्हाना तिचं मत झालं होतं. कुणी गाडीतून पाहिलेलं माकड घरी पोचल्यावर नोंदवतो, मग ते माकड त्याच्या दिवाणखान्यात येऊन बसतं. कुणाला जागा आठवत नाही, तो नुसतं जिल्ह्याचं नाव लिहितो, आणि संगणक बापडा जिल्ह्याच्या बरोब्बर मधोमध ठिपका ठेवून मोकळा होतो. अशा एका मध्यावर, भर वस्तीत, तिला एकदा सहा जातींची माकडं गुण्यागोविंदानं नांदताना आढळली होती. सरोजिनी नगरच्या बाजारातून वानराची नोंद आली, तर ते माकडं हाकलायला कुणीतरी दोरीला बांधून आणलेलं वानर असणार, हे तिला न बघता कळायचं. असल्या नोंदी ती हसत हसत कापायची. पण नदीतलं हे माकड नीरजनं नोंदवलेलं होतं. नीरज तिचा धाकटा भाऊ, आणि त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती.

त्याच्या वह्या इतकी वर्षं बाबांच्या ट्रंकेत होत्या. फौजेतून निवृत्त झालेले बाबा, सुभेदार काकासाहेब, कुठलीच वस्तू सहजासहजी हातातून सोडत नसत, आणि मुलाच्या वह्या तर नाहीच नाही. या दिवाळीत मात्र त्यांनी आपण होऊन त्या काढल्या, पिवळ्या पडलेल्या कव्हरांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घे. छापा. पण त्याचं नाव पाहिजे पुस्तकात." चार वह्या, एकशे त्रेचाळीस नोंदी, सगळ्या अरुणाचलच्या त्या एका डोंगररांगेतल्या. शेजारच्या टेबलावरच्या कल्पनानं महिनाभर बसून त्या संगणकात भरल्या होत्या. नदीतल्या नोंदीत लिहिलं होतं: उंची दोन हजार चारशे मीटर, ओकचं जंगल, नऊ माकडं, पैकी दोन आईच्या पोटाला बिलगलेली पिल्लं. आणि ठिपका पडला होता नऊशे मीटरवरच्या नदीच्या पात्रात, जिथं ओक नाही आणि पोटाला पिल्लू बांधून पोहणारी माकडंही नाहीत. गिरिजानं पुढची नोंद काढली, ती एका बाजारपेठेत पडली. त्याच्या पुढची भातशेतात. "कल्पना, ये नंबर ठीक से देखे थे ना?" तिनं विचारलं. कल्पना दुखावली. "जैसा लिखा था वैसाच्या वैसा डाला है, दीदी. दो बार मिलाया है," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत गिरिजाच्या संगतीनं तिच्या हिंदीत असं काहीबाही मराठी शिरलं होतं. तिच्या आवाजानं इंद्रजित, त्यांचा साहेब, खोलीतून बाहेर आला, पडद्यावर वाकला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हाइट मैच नहीं कर रही तो डाउटफुल में डालो यार. चलो, उड़ा ही दो. दस को फ़ाइल जानी है." मग नोंदी कुणाच्या ते त्याच्या ध्यानात आलं. "सॉरी. तुम्हारे भाई के हैं न. अच्छा, तुम देख लो," एवढं बोलून तो चहा न घेताच परत आत गेला.

ती बघत बसली. संशयास्पद हा रकाना तिनंच केलेला, त्यात आजवर हजारो अनोळखी माणसांना तिनं बिनदिक्कत ढकललं होतं, आणि आता नीरजला ढकलायची वेळ आली तर हात पुढे होईना. तो चुकीचं लिहील हे तिला पटतच नव्हतं. लहानपणी दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या त्या क्वार्टरमध्ये आई दोघांना विचारायची, लाडू कुणी खाल्ले, आणि हा शहाणा सांगायचा, "ताईनं दोन, मी तीन." मार खायचा, पण आकडा बदलायचा नाही. पुढे रानात राहायला लागला तेव्हाही फोनवर असंच. "किती दिसली रे आज?" "सात दिसली. आठवं ऐकलं, पण दिसलं नाही, म्हणून सात." तिला त्याचा राग यायचा. तिच्याकडे येणारे लोक तीन बघून तीस लिहायचे आणि हा आठाचे सात करत बसायचा. त्याच्या आवाजातला तो किंचित घोगरेपणा आठवताना तिची नजर आकड्यांच्या रकान्यावरून नुसतीच खाली घसरत होती, कुठं न थांबता. सत्तावीस, मग बिंदू, मग शून्य आठ. सत्तावीस, बिंदू, एकेचाळीस. ब्याण्णव, बिंदू, पंचावन्न. बिंदूनंतर चौदा, बिंदूनंतर तेहतीस. आणि मग काहीतरी खुपलं, भाजी निवडताना बोटाला काटा लागावा तसं. तिनं रकाना लहान-मोठा लावून बघितला. एकशे त्रेचाळीस नोंदी, प्रत्येकीत दोन आकडे, आणि बिंदूनंतरचा आकडा एकदाही साठच्या पुढे गेलेला नव्हता. सर्वांत मोठा होता अठ्ठावन्न. एकसष्ट नाही, सत्तर नाही, नव्वद नाही. हे अंशांचे शंभर भाग नव्हतेच. ही मिनिटं होती. एका अंशाची साठ मिनिटं, जुन्या लष्करी नकाशावर असतात तशी, आणि बाबा रविवारी सकाळी फरशीवर नकाशा अंथरून, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवून, त्यांना वाचायला शिकवायचे तशी. अंश, मग बिंदू, मग मिनिटं. बाबा असंच लिहायचे. ती ते केव्हाच विसरून गेली होती. नीरज विसरला नव्हता.

क्षणभर तिला आनंद झाला. नुसता आनंद नाही, हर्षच म्हणायला हवा. बिंदूनंतरच्या सगळ्या आकड्यांना तिनं साठानं भागलं आणि नकाशा पुन्हा काढला, तर नदीतली, बाजारातली, भातशेतातली माकडं एकदम उठली आणि वर डोंगरात जाऊन बसली. उंच्या जुळल्या. दोन हजार चारशेला दोन हजार तीनशे ऐंशी, अठराशेला अठराशे दहा. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस. ज्या रांगेवर आजवर एकाही माणसानं हे माकड नोंदवलं नव्हतं, तिथं आता या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपके होते. "कल्पना! देखो, देखो जरा," ती ओरडली, आणि कल्पना धावत आली, तिनं तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "दीदी, ये तो पूरा पहाड़ मिल गया." गिरिजा हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. आपला भाऊ जिथं उभा आहे म्हणाला होता, तिथंच तो प्रत्येक वेळी उभा होता. आणि हे वाक्य मनात पुरं होतंय न होतंय तोच तिचं हसणं थांबलं, कारण वह्यांच्या बाहेर आणखी एक नोंद होती. ती तिच्या फोनमध्ये होती.

ताई, पडलो. पाय मोडलाय. 27.18 92.21. माणसं पाठव. आठ वर्षांत तिनं तीन फोन बदलले, पण हा मेसेज दर वेळी जपून पुढच्या फोनमध्ये आणला होता. सोबतचा वाटाड्या घरी मयत झाली म्हणून खाली गावात गेलेला, आणि तो गेल्यावर नीरजनं तळ हलवलेला. त्यामुळे तो कुठं आहे हे या आकड्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठंतरी नेटवर्कची एक काडी आली असेल, तेवढ्यात एक मेसेज सुटला, आणि मग फोन कायमचा बंद. तिनं तो याच टेबलाशी वाचला होता. तिचा हात थरथरला नव्हता, आणि याचा तिला पुढे बरीच वर्षं अभिमान वाटत आला होता. पहिल्या दहा मिनिटांत तिनं सगळीकडे फोन लावले, बचाव पथकाला आकडे लिहून पाठवले, आणि कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून, आपलं कामच ते म्हणून, आकड्यांच्या डोक्यावर अंशाचं ते चिमुकलं वर्तुळ काढलं. सत्तावीस पूर्णांक अठरा शतांश अंश. वर्तुळ नीरजनं काढलेलं नव्हतं. तिनं काढलं. पथक त्या वर्तुळाच्या भरवशावर निघालं, हेलिकॉप्टर सहा दिवस त्या दरीवर घिरट्या घालत राहिलं, आणि नीरज तिथं नव्हता. अकराव्या दिवशी शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांना तो भलतीकडेच सापडला, दोन डोंगर ओलांडून, एका कड्याखालच्या कपारीत बसलेला. डॉक्टर म्हणाले, गेला त्याला तीन-चार दिवस झाले असावेत. म्हणजे सात दिवस, फार तर आठ, तो जिवंत होता. पंचनाम्याच्या कागदावर जागा लिहिली होती: सत्तावीस पूर्णांक तीस, ब्याण्णव पूर्णांक पस्तीस. दोन्हींतलं अंतर तिनंच मोजून बाबांना सांगितलं होतं. एकोणीस किलोमीटर.

आता भागाकार करायला संगणक लागत नव्हता. अठरा भागिले साठ, तीस शतांश. एकवीस भागिले साठ, पस्तीस शतांश. चौथीतल्या पोरालाही येईल. तरी तिनं तो कागदावर केला, खाली दोन रेघा मारल्या, आणि बघत राहिली. कुठंतरी एखादा आकडा उरावा, बाकी यावी, अशी तिची फार इच्छा होती. बाकी शून्य आली. तो चाललाच नव्हता. जिथं आहे म्हणाला तिथंच होता, सात दिवस, आणि ताईनं माणसं पाठवली होती, पण दुसरीकडे.

साडेतीनला ती निघाली. निघण्याआधी इंद्रजितनं तिला आत बोलावून त्या पानाचा नमुना दाखवला होता, नीरजच्या नावाच्या पानाचा. डावीकडे त्याचा फोटो, उजवीकडे एक छोटा नकाशा: मेसेज आला ती जागा, सापडला ती जागा आणि दोन्हींमध्ये तुटक रेघ. खाली लिहिलेलं, मोडलेल्या पायानं एकोणीस किलोमीटर. हे पान बाबांच्याच आग्रहावरून आलं होतं. "बढ़िया बना है ना?" इंद्रजितनं विचारलं, आणि ती हो म्हणाली. हौज खासला तिनं मेट्रो बदलली, राजीव चौकात दुसरी, उभं राहायला दांडा मिळाला तेवढाच आधार. ती रेघ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत ती रेघ पोराटोरांना पाठ होती. गेटवरच्या गार्डला, दूधवाल्याला, मंडळाच्या गणपतीत जमलेल्या पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्या जोडप्यांना बाबा सांगायचे, "टूटे पैर से उन्नीस किलोमीटर चला मेरा बेटा. दो पहाड़." कुणी डॉक्टर मध्येच म्हणालाच की नडगी मोडल्यावर माणूस उभा राहू शकत नाही, तर बाबा त्याला लढाईत आतडी हातात धरून चाललेल्या जवानाची गोष्ट ऐकवायचे. आई गेली तेव्हाही ते म्हणाले होते, पोरगा इतका चालला, आपल्याला चालायला काय झालं. आणि उठून दहाव्याच्या तयारीला लागले होते. ती रेघ नसती तर बाबा त्या पहिल्या वर्षातच संपले असते, याबद्दल तिला शंका नव्हती. खरं सांगायचं तर तीही त्याच रेघेवर जगली होती. शोधलं तिथं नव्हता, कारण तो चालत सुटला होता. यात कुणाचाच दोष नव्हता, सगळं शौर्यच होतं.

वहीतल्या नोंदी संशयास्पद म्हणून उडवल्या तर रेघ राहणार होती. इंद्रजित हरकत घेणार नव्हता, कल्पनाला काहीतरी सांगता आलं असतं. नोंदी सुधारल्या तर मेसेजही सुधारायला हवा. हात तोच, सवय तीच. मग त्या पानावरचे दोन ठिपके एकमेकांवर येऊन बसणार आणि मधली रेघ नाहीशी होणार. एकीकडे एकशे त्रेचाळीस जागा, जिथं तो आठाचे सात करत प्रामाणिकपणे उभा राहिला होता. दुसरीकडे एक चाल, जी तो कधी चाललाच नव्हता. आणि स्वतःला वाचवायचा मोह? तोही होता, ती काही देवता नव्हती. यमुना ओलांडताना तिनं मनाशी कबूल केलं की बाबांच्या नावाखाली ती स्वतःलाच वाचवू बघते आहे. तिला त्याची भयंकर किळस आली, आणि त्याच वेळी नीरजची इतकी आठवण आली की शेजारच्या बाईनं न विचारता सरकून तिला बसायला जागा दिली. वैशाली येईपर्यंत तिचं ठरलं होतं. कपारीत बसलेल्या माणसाला ती दुसऱ्यांदा भलतीकडे ढकलणार नव्हती.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होते. फेब्रुवारीतलं ऊन गॅलरीच्या दारातून त्यांच्या पायांवर आलं होतं. "आज लवकर? बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," म्हणत तिनं पर्स ठेवली, समोर बसली आणि दोन शेंगा सोलल्या. गाडीत तिनं वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आता जागेवर नव्हतं. "बाबा, नीरजच्या वहीतले आकडे मिनिटांत आहेत," ती म्हणाली.

"मग कशात असणार?" बाबा म्हणाले. "मी शिकवलेत. तुमच्या ऑफिसातल्यांना कळले नाहीत की काय?" त्यांच्या आवाजात थोडी गंमत होती.

"मला कळले नाहीत. आज कळले." तिनं सालं बाजूला सारली. "त्यानं मला जो मेसेज केला होता ना, त्यातले आकडेही तसेच होते."

बाबांचा हात थांबला. आठ वर्षांत त्यांनी तो आकडा कधी विचारला नव्हता. ते तेव्हा आईच्या आजारपणात गावी, साताऱ्याकडे होते, चौथ्या दिवशी पोचले तोवर सगळं सुरू झालेलं होतं, आणि गिरिजाचं कामच ते, तिनं बघितलं म्हणजे झालं, असं म्हणून ते एका खुर्चीत बसून राहिले होते. आता त्यांनी विचारलं, "काय होता?"

"सत्तावीस अठरा. ब्याण्णव एकवीस."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. समोर नकाशा नसला तरी ते तो वाचताहेत हे तिला दिसत होतं. "आणि सापडला कुठं?"

"तिथंच."

गॅलरीत कबुतरं उतरली आणि उडून गेली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. "मी अंश समजले, बाबा," गिरिजा म्हणाली. "मी अंश लिहून पाठवलं. त्याची चूक नव्हती, पथकाची नव्हती. माझी होती. मी त्यांना एकोणीस किलोमीटर लांब पाठवलं."

"म्हणजे चालला नाही तो."

"नाही."

"एक पाऊलही?"

"नाही, बाबा."

ती वाट बघत होती. त्यांनी ओरडावं, टेबलावर हात आपटावा, घरातून चालती हो म्हणावं, काहीही चाललं असतं. रस्ताभर तिनं स्वतःला त्याच्यासाठीच तयार केलं होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सोललेल्या दाण्यांकडे बघत ते फार हळू बोलले, "मी सांगितलं होतं त्याला. पहिल्यांदा निघाला तेव्हा, नवी दिल्ली स्टेशनवर, गाडी सुटायच्या आधी. म्हटलं, जागा कळवलीस की जागा सोडायची नाही. मेलास तरी सोडायची नाही. कळवून हलणारा माणूस दोनदा हरवतो. तर हसला. हो म्हणाला." त्यांनी एक दाणा बोटानं पुढे सरकवला. "खाली ओढा होता, गावकरी म्हणाले होते. सरपटत उतरला असता तर रस्त्याला लागला असता. मला वाटायचं, हा वर कुठून आला चढून, खाली का नाही गेला. मी सांगितलं होतं म्हणून नाही गेला."

"बाबा, चूक माझी आहे," गिरिजा म्हणाली. तिनं ते पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, पण ते तिकडे नव्हतेच. ती आपला गुन्हा त्यांच्यापुढे ठेवायला आली होती, आणि त्यांनी तिच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. आठ वर्षं ज्या बापाला पोराच्या चालण्यानं उभं ठेवलं होतं, तो आता तिच्यासमोर त्या पोराबरोबर कपारीत जाऊन बसला होता. तिला रडू आलं. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मनगट थंड होतं.

मग बाबांनी विचारलं, "हेलिकॉप्टर किती दिवस उडत होतं?"

"सहा."

"त्याला ऐकू आलं असेल का ग?"

एकोणीस किलोमीटर. मध्ये दोन डोंगर. पण सकाळी वारा पडलेला असतो आणि दऱ्या आवाज कुठल्या कुठं नेतात. आलं असेल, नसेलही. माहीत नाही, कळायला मार्ग नाही, ऑफिसात तिनं हेच लिहिलं असतं, आणि ते न लिहिणाऱ्याची नोंद कापली असती. "नाही, बाबा," ती म्हणाली. "मध्ये दोन डोंगर आहेत. तिथं काहीच ऐकू येत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. एक शेंग उचलली, न सोलता परत ठेवली, आणि तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं, "सहा दिवस उडत होतं म्हणतेस. एकदाही नाही आलं ना ऐकू?"

"एकदाही नाही," गिरिजा म्हणाली.